विहिरीचें पाणी : नितळ आणि निर्जंतुक

पाण्याची परीक्षा डोळ्यांनीं व जिभेनें करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पाणी नितळ दिसलें व गोड लागलें कीं तें चांगलें, असें आपण धरून चालतों. परंतु पटकी, विषमज्वर, कावीळ व हगवण ह्यांचे जंतु नितळ पाण्यांतहि असूं शकतात, आणि तान्हें मूल दगावण्यास त्यांतील एकहि पुरेसा होतो. पाणी नितळ करणें व निर्जंतुक करणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत.

पहिलें काम आपले पूर्वज उत्तम जाणत होते. निवळीच्या बीनें गढूळ पाणी निवळण्याची रीत सुश्रुतसंहितेंतहि आली आहे, आणि तुरटीचा खडा तर घरोघर फिरवितात. दुहेरी फडक्यानें पाणी गाळण्याची चालहि मोलाची. ज्या बारीक जलकिड्यांच्या पोटांतून नारू येई, ते फडक्यांत अडकतात. ह्या गाळण्यानें व पायविहिरी बुजवून किंवा बदलून टाकल्यानें तो रोग देशांतून गेला. शेवटचा रोगी १९९६ सालीं राजस्थानांत आढळला आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त ठरविला. विषमज्वराचे जंतु मात्र फडक्यांतून सहज निसटतात, आणि तुरटीनें कांहीं खालीं बसले तरी सर्व बसत नाहींत.

दुसरें काम टी. सी. एल. पावडरीचें. ती विहिरींत कशी पडते हें आपण पाहतोंच. कोणी मूठभर फेंकतो, कोणी पुडी पुडीसकट टाकतो. महसुली दप्तरांत हयात गेलेल्या माणसास हें पाहवत नाहीं. शेताची मोजणी आपण इंचाइंचानें भांडून करून घेतों. विहिरीचें पाणी मोजण्यास मात्र दोरी व दगड एवढेंच लागतें, तरी तें कोणी करीत नाहीं. सात-बाराच्या उताऱ्यावर विहिरीची नोंद असते. तिचें पाणी पिण्याजोगें आहे कीं नाहीं, ह्याचा रकाना नसतो. तो ज्याचा त्यानें घरीं ठेवावा.

हिशेब सोपा आहे. गोल विहिरीचा व्यास फुटांत घेऊन त्यास त्याच संख्येनें गुणावें, आलेल्या संख्येस पाण्याच्या खोलीच्या फुटांनीं गुणावें, व पुन्हां २२ नें गुणावें. म्हणजे अदमासें लिटर निघतात. व्यास २० फूट व पाणी १२ फूट असेल तर १,०५,६०० लिटर झाले. दर १,००० लिटरांस चांगली पावडर २॥ ग्रॅम, म्हणजे २६५ ग्रॅम लागली. हीच विहीर वैशाखांत ४ फुटांवर आली म्हणजे ८८ ग्रॅम पुरतात. बारा महिने एकच मूठ टाकणारा माणूस उन्हाळ्यांत पाणी उग्र करतो आणि पावसाळ्यांत, जेव्हां खरी गरज असते तेव्हां, उपाशी ठेवतो. पावडर ताजी व हवाबंद डब्यांतील असावी. उघड्या पोत्यांतील पावडरीचा जोर दिवसेंदिवस उडून जातो.

ती कोरडी टाकूं नये. एका बादलीस १०० ग्रॅमपेक्षां जास्त न घेतां प्रथम थोड्या पाण्यांत लगदा करावा, मग बादली पाऊण भरून ढवळावी व दहा मिनिटें स्थिर ठेवावी. चुना खालीं बसतो. वरचें निवळ पाणी दुसऱ्या बादलींत ओतून ती बादली दोरानें विहिरींत सोडावी आणि खालींवर हलवावी, म्हणजे औषध सर्वत्र मिसळतें. चुन्याचा गाळ बाहेर फेंकावा, कारण त्यानें पाणी जड होतें. हें काम रात्रीं, पाणी भरणें थांबल्यावर करावें. निदान एक तास औषधास मिळालाच पाहिजे. औषध शिल्लक आहे कीं नाहीं, हें ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून तपासून घ्यावें. दर लिटरास अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक नसेल तर पुन्हां मात्रा द्यावी.

एक गोष्ट स्पष्ट लिहितों, कोणास राग आला तरी चालेल. ज्या विहिरीचें पाणी घरीं पितात, त्याच विहिरींत दुपारीं पोरें उड्या टाकतात. पोहण्यास हरकत नाहीं, पण त्यासाठीं विहीर वेगळी असावी. अंगाचा घाम व मळ रात्रीं घातलेलें औषध खाऊन टाकतो. शहरांतील पोहण्याच्या तलावांत पाणी सतत गाळून दर लिटरास निदान १ मिलिग्रॅम क्लोरीन अहोरात्र राखावा लागतो. आपल्या विहिरींत तें कोण करणार?

विहिरीस औषध पडलें नसेल तर पाणी खळखळ उकळी आल्यावर १ मिनिट तसेंच उकळूं द्यावें व झांकून त्याच भांड्यांत निववावें. बंबाच्या आंत जीं पांढरीं पुटें चढतात तीं जड पाण्यांतील चुन्याचीं होत. त्यांनीं आजार होत नाहीं. मात्र सरपण अधिक जळतें. लिंबाच्या किंवा चिंचेच्या आंबटानें तीं सुटतात.

परंतु युरियासारख्या खतांतून व उकिरड्यांतून झिरपणारें नायट्रेट आणि खडकांतून येणारें फ्लोराइड ह्यांस पावडर कांहीं करीत नाहीं, आणि उकळल्यानें तर तीं उलट दाट होतात. नायट्रेट लिटरास ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलें तर वरच्या दुधावरील अर्भकास अपाय होण्याची भीति असते. त्याचें दूध अशा पाण्यांत करूं नये. फ्लोराइड १॥ मिलिग्रॅमच्या वर असेल तर दांत डागाळतात व पुढें हाडें धरतात. ह्या दोहोंस दुसरें पाणी शोधणें हाच बहुतेकांस परवडणारा उपाय. तपासणी जिल्ह्याच्या सरकारी प्रयोगशाळेंत होते. जंतूंसाठीं नमुना घ्यावयाची निर्जंतुक बाटली तेथूनच आणावी, घरची धुतलेली चालत नाहीं. आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशीं पोंचवावा.