मऊ पट्ट्याने मानेवरचं ओझं कमी होत नाही

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. हा मधला आठवडा आपल्याकडे पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो आणि तेव्हापासून थंडीभर माझ्या दवाखान्यात मान आखडलेली मंडळी येऊ लागतात. कोणी भिगवणला रोहित पाहून आलेलं असतं, कोणी नांदूरमध्यमेश्वरला, कोणी कर्नाळ्याला. माणसं या छंदाला लागली याचा मला मनापासून आनंद आहे. साठीतला माणूस पहाटे उठून तीन-चार किलोमीटर चालतो, याहून चांगलं औषध मी लिहून देऊ शकत नाही. पण त्यातल्या बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं : "डॉक्टर, दुर्बिणीचा पट्टा चांगला मऊ घेतलाय, तरी दुखतंय."

पट्टा मऊ असला की मान दुखत नाही, हा समज डोक्यातून काढून टाका. जाड, रुंद, गादीसारख्या पट्ट्याने कातडीला काचत नाही, एवढाच त्याचा उपयोग. वजन जिथे होतं तिथेच, मानेवर राहतं. डोकं स्वतःच साधारण साडेचार-पाच किलोचं असतं आणि मानेचे स्नायू ते दिवसभर तोलतातच. त्यात पाऊण किलोची दुर्बीण समोर लटकवली की मान पुढे ओढली जाते, खांदे नकळत वर चढतात आणि मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला मोठा स्नायू तासन्‌तास ताणलेला राहतो. ताणलेल्या स्नायूला पट्ट्याचं कापड कसलं आहे हे कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. गळ्यात मेडिकलमधून स्वतःच आणलेला मानेचा पट्टा, हातात एक्स-रे. "मणक्यात गॅप आहे म्हणे," हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, "बाई, तुमची दुर्बीण उद्या घेऊन या." दुसऱ्या दिवशी आम्ही ती बाळांच्या वजनकाट्यावर ठेवली. दहा बाय पन्नासची दुर्बीण, झाकणं आणि पट्टा धरून एक किलो शंभर ग्रॅम. मग त्यांना ती नेहमीसारखी गळ्यात घालायला सांगितलं आणि मी मागे जाऊन उभा राहिलो. दुर्बिणीचा पट्टा बरोबर मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या टोकदार हाडावर बसला होता. दुर्बीण पोटापर्यंत लोंबत होती आणि चालताना आदळू नये म्हणून उजवा हात सतत तिच्यावर. त्या रोज तीन तास अशा चालत होत्या.

एक्स-रेबद्दलही एकदा स्पष्ट सांगतो. पन्नाशीनंतर मानेच्या मणक्यांची थोडी झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, मान दुखत असो वा नसो. कागदावरच्या त्या एका ओळीने घाबरून गळ्यात पट्टा अडकवून बसू नका. महिनोन्‌महिने मानेचा पट्टा वापरला तर मानेचे स्नायू आणखी कमजोर होतात. बाईंचा मानेचा पट्टा मी त्याच दिवशी काढायला लावला.

त्यांना हवा होता तो हार्नेस. यात मानेवर काहीच येत नाही. दोन पट्टे दोन्ही खांद्यांवरून मागे जातात, पाठीवर एकमेकांना छेदतात आणि काखेखालून पुढे येऊन दुर्बिणीच्या दोन कड्यांना जोडले जातात. वजन खांद्यांवर आणि पाठीवर वाटलं जातं. दुर्बीण छातीला लागून राहते, हात मोकळे होतात.

हार्नेस घेताना मात्र रंग आणि नाव पाहू नका, अंगावर घालून पाहा, आणि तेही स्वतःची दुर्बीण लावून. पाठीवर पट्टे जिथे छेदतात तो तुकडा दोन खवाट्यांच्या मधे बसला पाहिजे. तो वर सरकून मानेच्या हाडाला टेकत असेल तर तुम्ही पुन्हा मानेवरच वजन घेताय. दुर्बीण छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या आसपास राहावी, पोटावर नको. डोळ्यांना लावताना ती पट्ट्यावरून अलगद सरकत वर यावी. काही हार्नेसचे पट्टे इतके ताठ इलॅस्टिकचे असतात की दुर्बीण वर उचलताना दर वेळी दंडाने ओढ सोसावी लागते. दिवसभरात शंभर वेळा तसं केलं की मानेचं दुखणं खांद्यात येतं. काखेखाली दोन बोटं सहज जातील इतकी ढील ठेवा. तिथे पट्टा घट्ट बसला तर हाताला मुंग्या येतात. बायकांनी पट्टे छातीच्या बाजूने नीट जातात का हे जरूर पाहावं. बऱ्याच जणी संकोचाने काही बोलत नाहीत आणि काचणारा हार्नेस तसाच वापरतात. घरात वीस मिनिटं घालून फिरा, वाकून बुटाची नाडी बांधा. पाठीला सॅक लावणार असाल तर आधी हार्नेस, वर सॅक, आणि हार्नेसचं बक्कल सॅकच्या पट्ट्याखाली चिरडत नाही ना, तेही बघा.

पेसमेकर असलेल्यांनी इथे थांबून वाचावं. छातीवर बांधायच्या काही पिशवीवजा हार्नेसच्या झाकणात लोहचुंबक असतं. चुंबक पेसमेकरच्या जवळ आणू नये, किमान १५ सेंटीमीटर अंतर हवं. तुम्ही चुंबकाचा प्रकार घेऊच नका आणि साधा घेतलात तरी पट्टा पेसमेकरच्या जागेवरून जाणार नाही हे पाहा.

हार्नेसने सगळं दुखणं जाईल असंही नाही. उंच झाडाच्या शेंड्यावरचा वटवट्या पाहायला माणूस दहा-दहा मिनिटं मान मागे टाकून उभा राहतो. परदेशी पक्षीनिरीक्षकांनी या दुखण्याला वॉर्बलर्स नेक असं नावच दिलंय, आणि वॉर्बलर म्हणजे आपल्या वटवट्यासारखाच पक्षी. त्यावर उपाय साधा आहे. झाडापासून लांब जा म्हणजे मान कमी वाकेल, कोपरं बरगड्यांना टेकवून धरा, अधूनमधून दुर्बीण खाली करून खांदे सैल सोडा. आणि नवी दुर्बीण घेणार असाल तर हलकी घ्या. आठ बाय बत्तीसची दुर्बीण साधारण अर्ध्या किलोची असते आणि बहुतेकांना ती पुरते.

आता ज्याने माझा संताप होतो ते. मान आखडली की सलूनमध्ये जाऊन कडकन मोडून घेणारे अजून आहेत, आणि मोबाइलवर पाहून घरच्याकडून मोडून घेणारे वाढलेत. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झालेले रुग्ण वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. हे करू नका. दुसरे, निघण्याआधीच डायक्लोफेनॅकची गोळी खाणारे. पक्षीमित्रांना तरी हे नाव माहीत असायला हवं. गुरांना दिलेलं हेच औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि लाखो गिधाडं मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर आपल्या देशात बंदी आली. माणसाला डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस ते चालतं. पण रक्तदाब, मधुमेह, किडनीचा किंवा अॅसिडिटीचा त्रास असताना, उन्हात घाम गाळत, पाणी कमी पिऊन ही गोळी मनाने घेणं धोक्याचं आहे.

नुसती मान आखडली असेल तर घाबरू नका. दोन-चार दिवस शेक, हलकी हालचाल, वजन बंद, एवढ्याने बहुतेकांना बरं वाटतं. पण कळ खांद्यातून हातात उतरत असेल, बोटं बधीर होत असतील, हातातला कप निसटत असेल, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत असतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मज्जारज्जू किंवा त्यातून निघणारी नस दबलेली असू शकते, लगेच डॉक्टरांना दाखवा. मानदुखीबरोबर ताप असेल, पडल्यानंतर दुखायला लागलं असेल किंवा रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखत असेल, तरी थांबू नका. आणि टेकडी चढताना छातीवर दाब आला, तो डाव्या हातात किंवा जबड्यात गेला, घाम फुटला, तर "हार्नेस घट्ट झाला असेल" म्हणून बक्कल सैल करत बसू नका. जागीच बसा आणि सोबतच्यांना सांगून लगेच हॉस्पिटल गाठा. एकट्याने फिरणाऱ्यांनी निदान कुठे चाललोय हे घरी सांगून निघावं.

बाईंनी हार्नेस घेतला आणि मानेचे सोपे व्यायाम सुरू केले. सहा आठवड्यांनी मान मोकळी झाली. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला त्या गेल्या होत्या. तुमची मान नुसती दुखत असेल तर ती बरी झाल्यावर तुम्हीही हार्नेस घालून खुशाल जा. पण हात बधीर होत असेल, तर नवीन हार्नेस घरी यायची वाट पाहू नका, आधी तपासून घ्या.