आकाशातील वाट

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरभागात ईट हे गाव आहे. हा तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. पहाटे उठून धारा काढावयाच्या व दूध भट्टीवर पोहोचवावयाचे, हा येथील अनेक घरांचा नित्यक्रम. अशा कष्टकरी गावांना रात्रीची झोप मोलाची वाटते. परंतु २०२४ च्या पावसाळ्यात बीड, धाराशिव आदी जिल्ह्यांतील कित्येक गावांची झोप उडाली. रात्री आकाशात लुकलुकणारे दिवे फिरताना दिसू लागले. चोर ड्रोन सोडून घरे हेरीत आहेत, असा समज पसरला. तरुण मंडळी काठ्या घेऊन गस्त घालू लागली. राज्याच्या विधिमंडळातही या गोष्टीची चर्चा झाली. दिसलेला प्रत्येक दिवा ड्रोनच होता असे नव्हे. भ्यालेल्या मनाला तारासुद्धा चालताना दिसतो! तथापि एक प्रश्न मात्र सर्वांपुढे उभा राहिला. शेताला बांध असतो, घराला भिंत असते. मग वरच्या आकाशात कोणी, केव्हा व कोठवर फिरावे, हे कोणी ठरवावयाचे?

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, या प्रश्नाचे गांभीर्य निराळ्या रीतीने ध्यानात आले. अतिवृष्टीमुळे नद्यांना महापूर आला आणि परंडा व भूम तालुक्यांतील वस्त्यांना पाण्याने वेढा घातला. आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान धावून आले. जेथे नाव पोहोचेना, तेथे हेलिकॉप्टर पाठवावे लागले.

पुरात अडकलेल्या माणसांना उचलताना हेलिकॉप्टर अगदी खाली येते. वैमानिकाची दृष्टी झाडांवर, विजेच्या तारांवर व हात हालविणाऱ्या माणसांवर खिळलेली असते. समजा, अशा वेळी एखाद्या हौशी तरुणाने पुराचे चित्र टिपण्यासाठी ड्रोन उडविला. भाकरीएवढी ती वस्तू वैमानिकाला दिसणार कशी? ती शेपटीकडील फिरत्या पात्यांवर आदळली, तर हेलिकॉप्टर ताब्यात राहणे कठीण होते. आणि ती वेळीच दिसली, तर वैमानिकाला माघारी वळावे लागते. तोवर छपरावरच्या माणसांनी काय करावे?

म्हणून कायद्याने येथे बंधने घातली आहेत. २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने ड्रोनविषयक नियम जाहीर केले. ज्या विमानात माणूस आहे, त्याचा वाटेवरील हक्क पहिला. ड्रोनने त्याच्यापासून दूरच राहिले पाहिजे, असे त्या नियमांत सांगितले आहे. गरज पडल्यास पोलीस अधीक्षक एखाद्या भागावरील आकाश एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते निषिद्ध ठरवू शकतात. नियमभंगाबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. शिवाय २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार, मदतकार्य करणाऱ्या अधिकाऱ्यास सबळ कारणावाचून अडथळा करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. त्या अडथळ्यामुळे प्राणहानी झाल्यास ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते. ड्रोन हा स्वभावतः शत्रू नव्हे. अडकलेली माणसे शोधण्यासाठी बचावपथकेही त्याचा उपयोग करतात. फरक एवढाच, की त्यांचा ड्रोन कोठे आहे हे वैमानिकाला आधी ठाऊक असते.

"आमचा ड्रोन तर चिमुकला आहे," असे कोणी म्हणेल. आपल्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन सर्वांत लहान गटात मोडतात आणि ते उडविण्यास वैमानिकाचा परवाना लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराजवळच्या डोंगरांत भीषण वणवा पेटला होता. ती आग विझविण्यासाठी कॅनडातून पाण्याचा मारा करणारी विमाने आली होती. एका मनुष्याने वाहनतळाच्या इमारतीच्या माथ्यावरून, केवळ आग पाहण्याच्या हौसेने, असाच चिमुकला ड्रोन सोडला. सुमारे अडीच किलोमीटर गेल्यावर तो त्याच्या दृष्टीआड झाला व थेट एका विमानाच्या डाव्या पंखावर आदळला. पंखाला भोक पडले. पुढे त्या मनुष्याने न्यायालयात अपराध कबूल केला. विमान सुखरूप उतरले. परंतु दुरुस्ती होईपर्यंत ते कित्येक दिवस जमिनीवरच उभे होते, आणि तिकडे डोंगर जळतच होते.