आयट्यून्सविना आयपॅडवर फायली

प्रश्न : आयट्यून्स न वापरता संगणकातील फायली आयपॅडवर कशा न्याव्यात?

उत्तर : आयपॅडवर ‘फाइल्स’ हे अ‍ॅप २०१७ मध्ये आयओएस ११ सोबत आले आणि २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून त्यात पेनड्राइव्हही उघडता येऊ लागला, त्यामुळे या कामापुरती आयट्यून्सची गरज उरलेली नाही. पेनड्राइव्ह मात्र एक्सफॅट पद्धतीने, म्हणजे विंडोज, मॅक व आयपॅड या तिन्हींना वाचता-लिहिता येईल अशा मांडणीने, फॉरमॅट केलेला असावा. जुन्या फॅट३२ मांडणीत ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही, आणि लांबलचक व्हिडिओची प्रत होत नाही ती बहुधा याच कारणाने. फाइलवर बोट दाबून धरल्यावर ‘कॉपी’ निवडावे, मग ‘ऑन माय आयपॅड’मधील रिकाम्या जागी तसेच दाबून ‘पेस्ट’ करावे. रोजच्या कामाला याहून सोयीची वाट एसएमबीची, म्हणजे एकाच वायफायवरील उपकरणांनी परस्परांचे फोल्डर उघडण्याच्या ठरलेल्या पद्धतीची आहे: संगणकावरील फोल्डर सामायिक करून ‘फाइल्स’मधील ‘कनेक्ट टू सर्व्हर’ येथे संगणकाचा पत्ता भरला की केबल लागत नाही. आयपॅडवरील प्रत उघडून पाहिल्याशिवाय संगणकावरील मूळ फाइल पुसू नये.