पस्तीस वर्षांनी आलेला अल्बम

चि. भाचीस,

तुझ्या अल्बम-परीक्षणाचा मसुदा वाचला. गायिका इतकी वर्षं कुठे होती, यातच तुझी निम्मी जागा गेली आहे. वाचायला झकास, पण गाणी कुठायत, बाई?

व्हॅश्टी बन्यन हिचं उदाहरण घे. १९६५ साली रोलिंग स्टोन्सचा मॅनेजर अँड्र्यू ओल्डम याने लंडनमध्ये तिची पहिली तबकडी काढली. गाणं जॅगर-रिचर्ड्स जोडगोळीचं, तरी चाललं नाही. पुढे ही तरुणी घोडागाडीने लंडनहून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली. त्या प्रवासात सुचलेली गाणी निर्माता जो बॉइडने ध्वनिमुद्रित केली आणि १९७० च्या अखेरीस ‘जस्ट अनदर डायमंड डे’ बाजारात आला. गायक निक ड्रेकसाठी वाद्यमेळ रचणारा रॉबर्ट कर्बी इथेही होता. खप कसाबसा शेकड्यांत. समीक्षकांनी फारशी दखलही घेतली नाही. तिने गिटार बाजूला ठेवली आणि ती मुलंबाळं, जनावरं यांत रमली.

२००० साली तो अल्बम पुन्हा निघाला आणि तिच्या मुलांच्या वयाचे गायक तिला गुरुस्थानी मानू लागले. त्यांतला एक देवेंद्र बॅनहार्ट. (नाव आपल्याकडचं वाटलं ना? त्याचे आईवडील अध्यात्मगुरू प्रेम रावत यांचे अनुयायी. नाव रावत यांनीच सुचवलेलं.) २००५ मध्ये तिचा दुसरा अल्बम आला, ‘लुकआफ्टरिंग’. निर्माता मॅक्स रिक्टर, हार्पवर जोआना न्यूसम. कौतुक भरभरून झालं.

त्या कौतुकात घोडागाडी मात्र जिकडेतिकडे. मोह कळतो, अशी गोष्ट हाताशी असताना कोण सोडेल? पण ऐकणाऱ्याला त्याहून वेगळं काही हवं असतं. आवाज जवळजवळ तोच, कुजबुजल्यासारखा, जोर न लावणारा. बदललंय ते गाण्यांचं जग. पहिल्या अल्बमात रस्ता, शेतं, गुरंढोरं. दुसऱ्यात मोठी होऊन दूर जाणारी मुलं आणि मागे राहिलेली आई. रिक्टरने भोवती वाद्यांची गर्दी केली नाही, म्हणून हा पोक्तपणा ऐकू येतो. हे लिहायला तिचं चरित्र लागतं, पण दोन ओळींपुरतंच.

शिक्क्यांचंही तसंच. समीक्षक तिला ‘फोक’ म्हणत राहिले आणि ती सांगत राहिली की आपण त्यातल्या नाही, आपल्याला पॉपच करायचं होतं. तुझ्या मसुद्यात ‘लोकसंगीताचा वारसा’ तीनदा आलाय. कुठल्या गाण्यात, कुठल्या वाद्यात, ते दाखव; नाहीतर खोड.

दुसरी चूक उलट दिशेची. इतक्या वर्षांनी आली, म्हणून सांभाळून घ्यायचं. बिल फे या इंग्रज गायकाचा दुसरा अल्बम १९७१ चा. त्यानंतर नव्याने स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला ‘लाइफ इज पीपल’ थेट २०१२ मध्ये आला. तिथे दयेची गरजच पडत नाही, इतकी ती गाणी भक्कम आहेत. तुझ्या गायिकेची दोन गाणी पडेल वाटत असतील, तर तसं लिही.

बन्यनचा तिसरा अल्बम ‘हार्टलीप’ २०१४ चा. बराचसा तिने घरीच, संगणकावर, स्वतः बांधला. तोवर पुनरागमनाची नवलाई ओसरली होती, त्यामुळे लिहिणाऱ्यांना गाण्यांकडेच वळावं लागलं. आज रात्री तो ऐक. मग तुझा पहिला परिच्छेद कापून उरलेला मजकूर मला पाठव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा