रिपोर्ट दोघांचे

चि. सुहास यास,


मेघनाला तिसरा महिना लागल्याचं वाचून जीव सुपाएवढा झाला. तिच्या तपासण्या झाल्या, एचआयव्हीचीही निगेटिव्ह आली, हे कळवलंस ते बरं केलंस. पण पुढे लिहिलंस, ‘सिस्टर मलाही तपासून घ्या म्हणाल्या, पण हिची निगेटिव्ह म्हटल्यावर माझी कशाला?’ त्यासाठीच हे पत्र.

बाळा, तिचा रिपोर्ट फक्त तिचा. एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला वर्षानुवर्षं नाही, अशी जोडपी मी आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या, नोकरीत कितीतरी पाहिली. शिवाय लागण ताजी असली, तर सुरुवातीचे काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, ती तपासणीत दिसत नाही. आता पोटातल्या जिवाचा विचार कर. गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आईला नव्याने लागण झाली, तर तिच्या रक्तात विषाणू झपाट्याने वाढतो आणि बाळाला जास्तीत जास्त धोका तेव्हाच असतो. तिसऱ्या महिन्यातला निगेटिव्ह कागद तिथे कामाला येत नाही. तुझी तपासणी येते.

दुसरं मला फार लागतं. आपल्याकडे बाईची तपासणी आधी होते, कारण दिवस गेल्यावर दवाखान्याची पायरी तीच चढते. नवरा बाहेर गाडीपाशी उभा. मग तिची पॉझिटिव्ह आली की ‘हिनेच आणलं’. लागण कित्येकदा त्याला आधी झालेली असते, पण पहिला कागद तिच्या नावाचा ना! सहाव्या महिन्यात माहेरी धाडलेली एक मुलगी माझ्यासमोर बसून विचारत होती, “ताई, ह्यांचं रक्त आधी तपासलं असतं तर?”

माझा तुझ्यावर संशय नाही. पण संशय आला तरच तपासायचं, ही समजूतच घात करते.

सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत होते, उपाशीपोटी जावं लागत नाही. समुपदेशक आधी दार लोटून बोलतात, संमती घेतात. २०१७ च्या कायद्याने ती घ्यावीच लागते आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. पहिल्या किटवर काही दिसलं, तरी आणखी दोन वेगळ्या किटांवर पडताळल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. आणि निघालंच, तर एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, एआरटीच्या गोळ्या सरकार २००४ पासून फुकट देतं. त्या नेमाने घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. एवढं औषध हाताशी असताना अंधारात राहायचं कशाला?

मात्र गुपचूप जाऊ नकोस. मेघनाला सांगून, तिच्यासोबत जा. रिपोर्ट एकत्र ऐकायचा की वेगवेगळा, ते घरीच ठरवा आणि समुपदेशकांना आधी सांगा.

तिच्या पुढच्या तपासणीच्या दिवशी अर्धी रजा टाक. वहिनी ‘पुरुषाला कसली तपासणी’ म्हणाल्या, तर मला फोन लावून दे. मी बोलते त्यांच्याशी.

तुझी,
आत्या