काळा पडदा आणि मुका संगणक

बेंगळुरूमधील मल्लेश्वरम हा भाग मराठी माणसाला अगदीच परका नाही. येथील काडू मल्लेश्वर मंदिराला शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजीराजे यांनी दान दिल्याचा १६६९ मधील शिलालेख प्रसिद्ध आहे. १८९८ च्या प्लेगनंतर या परिसरात आखीव रस्त्यांची वस्ती उभी राहिली. या वस्तीच्या शेजारीच १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. या संस्थेतील काही प्राध्यापकांनी १९९९ नंतर, एका खाजगी कंपनीतील अभियंत्यांच्या साहाय्याने, 'सिम्प्युटर' नावाचा हातात मावणारा संगणक घडवला. तो लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालत असे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तो वापरता यावा, म्हणून मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी 'ध्वनी' ही आज्ञावली तयार करण्यात आली. सिम्प्युटर बाजारात फारसा टिकला नाही. मात्र त्यामागील विचार खोटा नव्हता. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासमोर संगणक बोलला नाही तर तो असून नसल्यासारखाच.

आता याच मल्लेश्वरममधील एका मराठी घराची कल्पना करू. घरातील सूनबाई मुक्त विद्यालयातून दहावीच्या परीक्षेची तयारी करीत आहेत. स्वयंपाकघर आवरून झाले की रात्री नऊच्या सुमारास त्या धड्यांचे ध्वनिमुद्रण ऐकतात. सासूबाईंची दृष्टी अधू झालेली. त्याही शेजारी बसून ऐकतात. संगणक एका कचेरीने काढून टाकलेला, स्वस्तात मिळालेला. पुण्याला राहणाऱ्या दिरांनी त्यावर लिनक्स बसवून दिले आहे. एके दिवशी प्रणाली अद्ययावत केली आणि दुसऱ्या रात्री पडदा काळाच राहिला. सूनबाईंनी जुनी व्हीजीए केबल काढून शेजाऱ्यांकडची एचडीएमआय केबल लावून पाहिली. उपयोग झाला नाही. दुकानदाराने यंत्र न पाहताच फोनवर निकाल दिला, "कार्ड गेलं, नवीन घ्या." परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली, आणि नव्या कार्डाचे पैसे घरखर्चातून काढायचे.

दिरांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "वहिनी, बटण दाबल्यावर सुरुवातीला कंपनीचं चिन्ह दिसतं का?"

"दिसतं, भाऊजी. मग सगळं काळं होतं."

या उत्तराने निम्मे काम झाले. सुरुवातीचे चिन्ह दिसते, तेव्हा लिनक्स अजून जागेही झालेले नसते. म्हणजे मॉनिटर, केबल आणि ग्राफिक्स कार्ड ही तिन्ही निदान चालू स्थितीत आहेत. चिन्हही दिसले नसते, तर संशय प्रथम यंत्रावर घ्यावा लागला असता: केबल सैल आहे काय, ती कार्डाऐवजी मदरबोर्डच्या जोडणीत लावली आहे काय, कार्डाचा पंखा फिरतो काय, मेमरी खाचेत नीट बसली आहे काय. (असे काही तपासण्यासाठी संगणकाचे झाकण उघडायचे असेल, तर आधी विजेची पिन भिंतीतून काढणे आणि अंगावरील स्थिर वीज निघून जावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावणे, एवढे तरी विसरू नये.) येथे चिन्हानंतर अंधार होतो, तेव्हा दोष बहुधा ड्रायव्हरचा.

ड्रायव्हर ही यंत्रभाग आणि प्रणाली यांच्यातील दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली होय. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला आणि दुभाषा जुनाच राहिला, तर दोघांचे बोलणे तुटते. ही अडचण एन्व्हिडिया कंपनीच्या कार्डांबाबत अनेकांनी अनुभवली आहे, कारण त्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरची रचना दीर्घकाळ गुप्त ठेवली होती. स्वयंसेवकांनी कार्डांच्या वर्तनाचा बारकाईने अभ्यास करून 'नूवो' हा मुक्त ड्रायव्हर लिहिला. एएमडीने २००७ पासून आपल्या कार्डांची माहिती खुली करण्यास आरंभ केला. एन्व्हिडियाने मात्र आपल्या ड्रायव्हरचा कर्नलशी जोडलेला भाग २०२२ मध्ये, तोही नव्या कार्डांपुरता, खुला केला. मल्लेश्वरममधील जुन्या कार्डाला त्याचा काही लाभ नव्हता.

दिरांच्या सांगण्यावरून सूनबाईंनी संगणक सुरू होताना शिफ्ट कळ दाबून धरली. एक यादी आली. तीतून आधीचे कर्नल निवडताच पडदा उजळला. तसे झाले नसते, तर त्याच यादीत 'ई' कळ दाबून 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द जोडता आला असता. त्यामुळे प्रणाली साध्या चित्रपद्धतीने सुरू होते. चित्र ओबडधोबड दिसते, पण पुढील दुरुस्ती करता येते. पुढे बंद ड्रायव्हर काढून नूवो वापरात आणला, तेव्हा नवे कर्नलही सुरळीत चालू लागले.

पाठगत प्रश्न : सुरुवातीचे चिन्ह दिसते, पण नंतर पडदा काळा होतो. या निरीक्षणावरून कोणते भाग निर्दोष मानता येतील? का?

पडदा आला, आवाज मात्र नव्हता. दिरांनी आधी स्पीकरची हिरवी पिन मोबाईलला लावायला सांगितली. मोबाईलवरील गाणे वाजले, तेव्हा स्पीकर निर्दोष ठरले. मग टर्मिनलच्या खिडकीत 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली. ड्रायव्हर असो वा नसो, मदरबोर्डला जोडलेले जे भाग विजेला प्रतिसाद देतात, त्यांची नावे ही आज्ञा दाखवते. ध्वनीचा भाग या यादीत नसेल तर यंत्रदोषाची शंका घ्यावी. यादीत असूनही ध्वनीच्या मांडणीत 'डमी आउटपुट' असेच दिसत असेल, तर ड्रायव्हर लागलेला नाही असे समजावे.

येथे यादीत ध्वनीचे एक नव्हे, दोन भाग निघाले. एक मदरबोर्डवरचा आणि दुसरा खुद्द ग्राफिक्स कार्डावरचा! एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो, म्हणून कार्डालाही ध्वनीची सोय असते. सूनबाईंनी व्हीजीए केबल काढून एचडीएमआय लावली, त्याच वेळी प्रणालीने आवाज मॉनिटरकडे वळवला होता. मॉनिटरला स्पीकर नव्हते. अर्थात आवाज बंद पडण्याचे कारण म्हणजे पडद्यासाठी केलेला उपायच होता. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहून मगच पुढे जावे, असे जाणते लोक सांगतात ते यासाठीच.

"भाऊजी, मांडणीत दोन नावं आहेत. कुठलं निवडू?"

"ॲनालॉग लिहिलंय ते. आणि अल्सामिक्सर उघडून बघा, 'मास्टर'च्या खाली एम एम दिसतंय का?"

दिसत होते. दोन एम म्हणजे तो मार्ग बंद. एम कळ दाबताच त्यांच्या जागी दोन शून्ये आली आणि स्पीकरमधून बारीक खरखर ऐकू आली.

सूनबाईंनी वहीत तारीख घातली आणि केलेले बदल क्रमाने लिहून ठेवले. पुढच्या खेपेस फोन लागेलच असे नाही. साडेनऊ वाजून गेले होते. सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि परवा अर्धवट राहिलेला इतिहासाचा धडा लावायला सांगितला.