निम्मा वाटा आणि न दिलेला वाटा

दूरचित्रवाणीवरील एखादा राजकीय भाष्यकार विचारतो, ‘ज्या धर्मात मुलीला भावाच्या निम्माच वाटा मिळतो, तिथे कसली समानता?’ आणि कोपरगावातील आपल्या घराघरांत चर्चा पेटते. महर स्त्रीचा, कुटुंबाच्या खर्चाची जबाबदारी पुरुषाची, म्हणून वाट्यातही फरक, असे उत्तर आपण हिरिरीने देतो. उत्तर चुकीचे नाही. मात्र त्याच बैठकीत चहा घेऊन आलेल्या बहिणीला, ‘तुला तो निम्मा तरी मिळाला का?’ असे कोणी विचारत नाही.

भाष्यकाराच्या विधानाचा खरा परिणाम हाच. प्रश्न स्त्रीचा असतो, पण त्याच्या उच्चारानंतर तो भाष्यकार आणि समाज यांच्यातील सामना होऊन बसतो. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांनी विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध त्यांची मागणी होती. मोर्चाचे संघटक होते पत्रकार व लेखक हमीद दलवाई. पुढे अनेक वर्षे आपल्याकडे वाद झाला तो दलवाईंवर: त्यांचा हेतू काय, त्यांना धर्माविषयी बोलण्याचा अधिकार काय. त्यांच्या मतांशी मतभेद असू शकतात. पण त्या सात जणींची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

आता मदिनेकडे पाहू. उहुदच्या युद्धात हजरत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. त्यांच्या पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या. मुलींच्या चुलत्याने सारी मालमत्ता ताब्यात घेतली होती, आणि मालमत्तेवाचून मुलींचे विवाह कसे व्हावेत, ही त्यांची व्यथा होती. ‘घरातली गोष्ट बाहेर का आणलीस, लोक काय म्हणतील?’ असे त्यांना कोणी सुनावले नाही. त्यानंतर वारसाहक्काच्या आयती अवतरल्या, आणि प्रेषितांनी (स.) चुलत्याला बोलावून आदेश दिला: मुलींना दोन तृतीयांश, त्यांच्या आईला एक अष्टमांश, उरेल ते तुझे. म्हणजे २४ भागांपैकी मुलींचे १६, आईचे ३ आणि ज्याने सगळे घेतले होते त्याचे अवघे ५.

सूरह निसाच्या सातव्या आयतीत पुरुषांप्रमाणेच स्त्रियांचाही हिस्सा ठरवून दिला आहे, मग मालमत्ता अल्प असो वा विपुल. आपल्याकडे मात्र गोदावरीच्या कालव्याखालची उसाची जमीन आली की हिशेब बदलतो. ‘लग्नात एवढा खर्च केला,’ ‘ईदला साडी-चोळी चुकवत नाही,’ ही कारणे पुढे येतात. जणू साडी हा वारसाहक्काचा हप्ताच! मग तिच्यापुढे हक्कसोडपत्र येते. माहेरचा दरवाजा बंद होईल या भीतीने ती सही करते आणि आपण त्याला राजीखुशी म्हणतो.

हिशेब अवघड नाही. दफनाचा खर्च, कर्ज आणि मर्यादेतील वसीयत वजा जाता चार एकर जमीन उरली, आणि वारस फक्त एक मुलगा व दोन मुली असतील, तर मुलाला दोन एकर व प्रत्येक मुलीला एक एकर. आई हयात असल्यास आधी तिचा अष्टमांश, म्हणजे अर्धा एकर, वेगळा काढायचा आणि उरलेले साडेतीन एकर याच प्रमाणात वाटायचे.

वडील जिवंत असतानाच ‘माझा हक्क सोडला’ असे मुलीकडून लिहून घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हनफी फिकहनुसार वारसाहक्क मृत्यूनंतरच निर्माण होतो. जो हक्क अजून जन्मालाच आला नाही, तो सोडणार कसा? आणि वडिलांच्या पश्चात बहीण खरोखरच स्वेच्छेने भावाला काही देऊ इच्छित असेल, तर अगोदर तिचा वाटा मोजून, सातबाऱ्यावर तिचे नाव लावून जमीन तिच्या ताब्यात द्यावी. एखादा हंगाम तिला त्या पिकाचे पैसे स्वतःच्या हातात घेऊ द्यावेत. त्यानंतर ती काय देते, ते पाहावे.